घड्याळाच्या माडीची मागची बाजू

स्वारगेटहून बेळगावची पहाटेची बस धरली तेव्हा पिशवीत दशम्या होत्या, पाण्याची बाटली होती आणि तळहाताएवढी एक लाकडी इमारत. निपाणीच्या बाजारपेठेतली आमची घड्याळाची माडी. बेळगावचा एक कारागीर सीमाभागातल्या जुन्या इमारती अशा लाकडात करतो, लोक त्या हौसेनं जमवतात. ही मला भाचीनं वाढदिवसाला दिली. पुढून हुबेहूब. मागे मजकूर: 'कच्च्या डागडुजीमुळे भिंत खचली, माडी पाडावी लागली.'

ते वाक्य माझं होतं. भिंत खचली नव्हती. मोकळ्या जागेला गिऱ्हाईक आलं होतं. भावकीत बोल नको, म्हणून गवंड्याचं काम कच्चं होतं असं मीच पेठभर सांगितलं. त्या भिंतीची डागडुजी केलेले गवंडी येळ्ळूरचे भरमूआप्पा. त्यांची भिंत पाडताना पहारी वाकल्या, हे मी कुणाला बोलले नाही.

तवंदी घाट चढून बस बेळगावात शिरली. कॅम्पातल्या जुन्या चर्चपासून जवळच कारागिराची खोली, आत सागाच्या भुश्शाचा वास. फळीवर किल्ल्याचा दरवाजा, चर्च, दोन शाळा आणि आमच्या माडीच्याही प्रती, ओळीनं.

"या आक्का, बसा. कुंदा खावा." त्यानं इथली ती तपकिरी खव्याची मिठाई पुढे केली.

"ह्याच्या मागचं खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं कसं? चौघांस्नी इचारून लिवलंय."

"त्या चौघांना मीच सांगितलं होतं."

त्याचा पॉलिशपेपरचा हात थांबला. सगळं ऐकून घेतलं आणि त्यानं ती ओळ खरवडून काढली. "बोला आता."

'भिंत पक्की होती. माडी मालकिणीने पाडली.'

"नाव घालू?"

"घाला."

"हितनं फुडं सगळ्यांवर हेच जानार बगा. मागनं भांडत येऊ नका!"

येळ्ळूरला टमटमनं गेले. दोन्हीकडे भाताची खाचरं, वर राजहंसगड. आप्पा सोप्यात बसले होते. माडी हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ नेली.

"लई नाजूक काम हाय. माझी भिंत कुटली म्हनायची?"

"मागे वाचा, आप्पा."

वाचलं. माडी माझ्यापुढे ठेवली.

"आता आलासा व्हय? निपाणीत मला कोन हाक मारंना झालंय. पोरगा म्हनतोय, थापी ठेवा, म्हातारं झालासा."

"चुकले मी."

"ते ऱ्हाऊ द्या. हे लोकं कपाटात ठेवनार. पाठ भिताडाला. कोन वाचतंय? जितं तोंडानं बोललासा, तितं तोंडानंच सांगा."

मी उठले, तर आप्पांच्या बायकोनं बसवलं. "जेवून जावा गं बाई. उपाशी पोटी खरं बोलवत न्हाय." गरम भात, वर आमटी. आप्पा माझ्याकडे न बघता जेवत होते, पण पंगत एकच होती.

परतताना निपाणीत उतरले. आमच्या जागेशेजारचा किराणावाला मला बघून हरखला. "आक्का, लई दिसांनी! त्या गवंड्यानं घात केला बगा माडीचा."

"नाही. भिंत पक्की होती. पैशासाठी माडी मी पाडली, आणि नाव आप्पांचं घेतलं."

तराजू हातातच राहिला. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एकीला नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून परत सांगितलं, मोठ्यानं.

"आमीबी आप्पाला लई बोललो की वो," तो म्हणाला. मला बसा म्हणाला नाही.

मी पुढच्या दुकानाची पायरी चढले. मग त्याच्या पुढच्या. पुण्याची बस चुकली, लॉजवर राहिले. सकाळी उरलेली पेठ केली.

आता ती माडी घरी कपाटात आहे, तोंड भिंतीकडे करून. पाहुणे विचारतात, उलटी का? मग सांगते. जे घरी येत नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिलं.