मिठागरवाल्याची आरती
कापूर पेटला की ती संध्याकाळ आठवते. आरती पुजाऱ्याने नव्हे, रोज एका गावकऱ्याने पुढे उभं राहून म्हणायची, असं गावाने ठरवलं होतं. त्या दिवशी मिठागरात राबणाऱ्या एका म्हाताऱ्याची पाळी होती. त्याचा फाटका आवाज मला सोसेना, म्हणून मी देवळावरचा भोंगा गुपचूप बंद केला. टाळांच्या गजरात त्याला कळलंच नाही. डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून तो माईकवर गात राहिला आणि आम्ही मित्र मागे हसत राहिलो. आरती संपल्यावर मिठाने चिरलेल्या हातांनी त्याने माझा हात धरला. “खाडीच्या कडंला, घरी आवाज गेला आसंल ना रं? बायको अंथरुणाला खिळली हाय, खिडकी उघडी ठेवून पडलीय.” “गेला की,” मी म्हणालो. हल्ली दुसऱ्यांच्या पाळीलाही आरतीला बहुतेक मीच पुढे असतो. माझा आवाज पार खाडीपर्यंत जातो, म्हणतात.