आबा आणि हार्ड डिस्कची वाटणी

मंडळी, आज राहुरीजवळच्या एका वस्तीवर नवा कॉम्प्युटर बसवला. दोघा भावांना मिळून एकच मशीन वापरायचं होतं, म्हणून मी सहज विचारलं, "हार्ड डिस्कचं पार्टिशन करू ना?"

त्यांचे वडील, आबा, ताडकन उठले. "मी जित्ता हाय तवर या घरात पार्टिशन न्हाई!" हा शब्द त्यांना कोर्टातल्या वाटणीच्या दाव्यांमुळे ठाऊक.

मी समजावलं, डबा एकच राहतो, आत फक्त दोन भाग होतात.

"मग मागनं बांध सरकवता येतो का?"

"सरकवायला गेलं तर दोन्हीकडचं सगळं पुसलं जायची भीती असते."

आबांनी पोरांकडं पाहिलं. "ऐकलं का रं दोघांनी?"



पार्टिशन इतक्या लवकर समजलेलं गिऱ्हाईक तुम्हाला कधी भेटलंय?