गेनू कल्हईवाल्याचा कान

भोरच्या बाजारात गेनू कल्हईवाल्याला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचा होता. कथलाची कांडी घेताना तो ती कानाशी धरून हळूच वाकवायचा. कथील खरं असलं की वाकताना करकरतं, शिशाची भेसळ असली की मुकं राहतं. "रडलं तर खरं," असं गेनू म्हणायचा. भाता ओढणारी त्याची बायको साळूबाई यावर हसायची. ती रडली तर मात्र या गृहस्थाला कधी ऐकू आलं नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ सावळाराम पुण्याला एका प्रयोगशाळेत हरकाम्या होता. तिथले साहेब लोक काचेवर दोन धातूंचा पातळ लेप चढवून उन्हातून वीज काढायच्या खटपटीत होते. साल पंचाहत्तरच्या आसपासचं. सावळारामच्या तोंडाला हल्ली लसणाचा वास यायचा. त्यातल्या एका धातूचाच तो गुण, म्हणे.

"दाजी, काचेला लेप द्यायचा, ऊन पडलं की वीज!"

"म्हंजी तुमी बी कल्हईच करताय की रं," गेनू म्हणाला.

कथील तेव्हा महागलं होतं. मेहुण्याची ओढाताण बघून सावळारामनं एका रविवारी लेपातल्या दुसऱ्या धातूच्या चार कांड्या आणून दिल्या. साहेबांनी त्या टाकून द्यायला सांगितल्या होत्या. नाव कॅडमियम. गेनूनं एक कानाशी वाकवली. ती करकरली.

"ह्ये तर कथलाचं सख्खं भावंड हाय!"

पंखा लावल्याशिवाय साहेब भट्टी उघडत नाहीत, हे सावळाराम रोज बघत होता. पण साहेबांच्या सोवळ्याला अंत नसतो, असं समजून तो गप्प बसला. शहाण्यानं अशा वेळी गप्प बसू नये, पण शहाणा होता कोण?

बुधवारी गेनूनं आंबवड्याच्या चिमाजीची लग्नाची पातेली भट्टीवर घेतली. नवसागर टाकला, कांडी फिरवली, कापसानं पुसलं. पिवळट-तपकिरी धूर उठला. साळूबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला होती. गेनू मात्र पातेल्यावर वाकलेला. कल्हई चांदीसारखी चकाकली. संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली, छाती आवळली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले.

रविवारी सकाळी सावळाराम एसटीतून उतरला. कोनाड्यात एकच कांडी उरलेली बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आक्का, कुठल्या भांड्यास्नी लावलं?"

"चिमाजीच्या. आज दुपारी लगीन हाय."

"त्यात आंबट शिजलं की इख उतरंल गं! कालच साहेबांनी सांगितलं, ह्ये पोटात जाऊ द्यायचं न्हाई."

साळूबाईनं त्याच्या थोबाडीत मारली. खाटेवरनं गेनू एकेक शब्द तोडत तिला म्हणाला, "तू जा. त्याला कोण वळखतंय तितं? पोरंसोरं बसतील पंगतीला."

"तुमास्नी असं टाकून?"

"जा म्हंतो न्हवं!"

ती आंबवड्याला पोचली तेव्हा चिंचेची आमटी उकळत होती. कॅडमियम कुणाला समजलं असतं? आणि भावाचं नाव घेतलं तर त्याची नोकरी गेली असती. ती ओरडली, "वतून द्या समदं! कल्हई खोटी हाय. आमच्या मालकानं हलका माल वापरला!"

चिमाजीनं भर मांडवात तिला नाही नाही त्या शिव्या घातल्या. पण आमटी खड्ड्यात ओतली. शेजारच्या गावातनं दुसरी भांडी येईपर्यंत पंगत खोळंबली, आणि एकही माणूस दगावला नाही. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिली ती 'गेनूची कल्हई'. फसवणुकीला तिकडं पुढं तेच म्हणायला लागले.

ती परतली तेव्हा गेनूच्या ओठांवर निळसर झाक आली होती. उशाशी सावळाराम नुसता रडत बसला होता.

"जेवलं कुणी?"

"न्हाई."

"काय सांगितलंस?"

तिला खोटं बोलता येईना. तिनं सांगितलं. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

साळूबाईनं कोनाड्यातली कांडी काढली, त्याच्या कानाशी नेली आणि दोन्ही हातांनी वाकवली. कांडी करकरली.

"ऐका, रडतंय. तुमचा कान खोटा न्हवता वो."

गेनू हलला नाही. तिनं पुन्हा वाकवली. मग उलट्या बाजूनं वाकवली. शेवटी सावळारामनं तिच्या हातातनं कांडी काढून घेतली आणि गेनूच्या तोंडावर चादर ओढली.