सावळाराम मिस्त्रीचा पंप

धसईच्या बाजारात सावळाराम मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्याच्या डोक्याला सगळा मुरबाड तालुका मानत होता. त्याला स्वतःलाही आपलं डोकं फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

शहाण्णव सालची गोष्ट. भागातले ट्रॅक्टर बहुतेक जुने. नांगर उचलायचे, पण ट्रॉली उचलून मुरूम ओतायचा तर मागे ट्रॉलीच्या जॅकला दाबाचं तेल देणारं तोंडच नसायचं. भरलेली ट्रॉली माणसांनी फावड्याने उपसायची. सावळारामने त्यावर तोड काढली. ट्रॅक्टरच्या मागे जो दांडा फिरतो त्याच्यावर भंगारातल्या डंपरचा पंप बसवला, मडगार्डजवळ तेलाची टाकी वेल्डिंग केली, एक खटका दिला आणि जाड रबरी पाइप ट्रॉलीखालच्या जॅकला जोडला. खटका ओढला की भरली ट्रॉली आपोआप उठायची. वैशाखऱ्यापासून खर्डीपर्यंतचे लोक पंप बसवून घ्यायला येऊ लागले.

त्यातल्याच एका ट्रॅक्टरचा ड्रायव्हर होता वाळू, डोंगराखालच्या वाडीतला. एका दुपारी तो गॅरेजवर आला. ट्रॉली अर्ध्यावर उठून थांबत होती. पाइप कुठेतरी गळत होता, पण सगळाच तेलाने माखलेला, त्यामुळे नेमकी जागा दिसेना. सावळारामचे हात दुसऱ्या इंजिनात अडकले होते. तो तिथूनच म्हणाला, "खटका ओढून ठेव नि पाइपावरून हात फिरव. कुठं गळतंय ते हाताला कळंल."

वाळूने हात फिरवला आणि झटकला. "काटा टोचल्यासारका झाला, मिस्त्री."

बोटावर राईएवढा ठिपका होता, रक्तसुद्धा नाही. "रानातला गडी तू, काट्याला भितोस काय रे?" सावळाराम हसला. वाळूही हसला. नवा पाइप लावून ट्रॅक्टर गेला.

घरी बोट ठणकायला लागलं. वाळूची बायको ठकी वाडीची औषधवाली. अडलंनडलं माणूस तिच्याच दारात यायचं. काटा रुतून बसला की तिकडे रुईचा चीक लावतात. ठकीनेही तोच लावला, वर पाला बांधला. काटा असता तर निघाला असता. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजून काळा पडला. सावळारामनेच जीप करून वाळूला कल्याणला नेलं.

डॉक्टरांनी हात कापला. बाहेर येऊन ते सावळारामला म्हणाले, "पाइपाला सुईएवढं भोक असलं तरी दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं. त्याच दिवशी आणायला हवं होतं. दाबाखालच्या पाइपाला हात लावायला कुणी सांगितलं याला?"

सावळाराम तसाच दवाखान्याबाहेर आला. पायरीवर ठकी बसली होती. तिने विचारलं, "माज्या चिकानं सडला का हात, मिस्त्री?"

उत्तर त्याच्या ओठांवर होतं. पण गॅरेज, पंप, लोकांचा विश्वास, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "आता ते कशाला काढायचं, वहिनी," तो म्हणाला. ठकीने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

तिने औषध देणं सोडलं. कुणी दारात आलं की म्हणायची, "माज्या हाताला आता गुण नाय." वाळू एका हाताने गुरं राखू लागला. सावळाराम दर वर्षी त्यांच्याकडे भाताचं पोतं टाकायचा आणि लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. ते ऐकलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि उतरू नयेच. गॅरेजवर कुणी पाइपाकडे हात नेला की तो अंगावर धावून जायचा. का ते मात्र सांगत नसे.

मग नवे ट्रॅक्टर आले, मागे तेलाची तोंडं कारखान्यातूनच बसवलेली. पंप कुणी मागेना. जे नाव जपायला तो गप्प बसला होता, ते नावच पुसलं गेलं, तेव्हा कुठे त्याला धीर आला. याला धीर म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

दोन हजार सात साली तो वाडीवर गेला. ठकी ओटीवर तांदूळ पाखडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. हात फिरवायला मीच सांगितलं, मीच हसलो, डॉक्टर असं असं म्हणाले.

सूप थांबलं. ती म्हणाली, "मंग माज्या औषधानं काय झाला नवता?"

"नाय, वहिनी. तुमचा काय दोष नवता."

"तीन वरसांखाली आमची सून गेली, हिरी. काविळीनं. सारकी म्हनायची, आत्या, तुमीच औषध द्या. झाड परसातच हाये. मी हात नाय लावला. म्हनला, माज्या हातानं आनिक एक नको."

सावळाराम तिच्या पाया पडायला वाकला. ठकीने पाय आखडून घेतले.