फुटलेली बायकांची

निकोलासाच्या हातची लोंगनिसा कधी फुटत नसे, आणि म्हणूनच ती तिच्या वाट्याला कधी येत नसे. हे असं चाळीस वर्षं चाललं. सगळी वस्ती तिला सुगरण म्हणे. सुगरणीच्या पोटात काय पडतं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिलाही सुचलं नाही.

लोंगनिसा म्हणजे आमच्या विगान गावाकडची सॉसेज. डुकराच्या धुतलेल्या आतड्यात जाडसर खिमा, ठेचलेला लसूण, मीठ, मिरी आणि उसाचा आंबट शिरका भरायचा, बोटाएवढ्या अंतरावर दोरा बांधायचा आणि माळा करून बांबूवर उन्हात टांगायच्या. दर आठवड्याला निकोलासा अशा वीसपंचवीस माळा करी आणि बाजारातल्या दुकानात पोचवी. पण विकायची ती विकायची. घरात रोज सकाळी मोजून सहा तळायच्या, हा सासूचा, सगळी वस्ती जिला मानाने अपो म्हणे त्या युफेमियाचा, नियम होता. त्या सहांची वाटणीही तिनेच ठरवून दिली होती: उन्हात राबणाऱ्याला अख्खी, चुलीपाशी फुटली ती चुलीपाशीच संपवायची. सोप्या भाषेत सांगायचं तर अख्खी पुरुषांची, फुटलेली बायकांची.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन निकोलासा या घरात आली तेव्हा तिच्या रोज दोनतीन फुटत. सासू म्हणे, "खा गं बाई, तुझ्यासाठीच फोडल्यास वाटतं!" मान खाली घालून ती खाई. मग ती हट्टाला पेटली. कढईत आधी चार चमचे पाणी घालायचं, जाळ बारीक ठेवायचा, पाणी आटेपर्यंत हात लावायचा नाही, चरबी सुटली की लाकडी उलथन्याने एकेक अलगद फिरवायची. सहा महिन्यांत फुटायची बंद झाली. सासूने शेजारणींना बोलावून कढई दाखवली. पोरीला आभाळ ठेंगणं झालं. त्या दिवसापासून तिने लोंगनिसा खाल्ली नाही, कारण फुटली नाही, आणि हा आपला विजय आहे असं तिला वाटत राहिलं. याला काय म्हणावं?

कढईत उरलेल्या चरबीत रात्रीचा भात लसूण घालून परतायचा आणि त्यावर शिरका शिंपडून खायचा, ही तिची न्याहारी. वांगं भाजून त्यात अंडं फोडलं, तर त्यात कुस्करलेली लोंगनिसा नवऱ्याच्या बाजूला सरकवलेली असे. शुक्रवारी मुगात एखादी सोलून घालत, तेव्हा मात्र बायकांनाही वाटा मिळे, कारण मुगातून खिमा वेचून काढता येत नाही. तरी नवऱ्याचा डाव बरोबर तळाशी जाई. खिमा भरताना मीठ बघायला ती चिमूटभर मिश्रण चमच्यात भाजून जिभेवर ठेवी. पण चव घेणं वेगळं आणि जेवणं वेगळं.

सासू गेली. नवरा अम्ब्रोसियो तीनचाकी चालवायचा. सहा वर्षांपूर्वी त्याचा गुडघा गेला, तेव्हापासून तो ओसरीवर झुंजीचा कोंबडा मांडीवर घेऊन बसतो. उन्हात राबणं संपलं, तीन अख्ख्या संपल्या नाहीत. मुलगा रोडेल गवंडीकाम करतो, त्याच्या तीन. आणि गेल्या वर्षी घरात सून आली, मर्लिंडा. ती वस्तीतल्या मागावर दिवसाचे नऊ तास कापड विणते, पाय खालीवर, हात इकडेतिकडे. ती घरी येते तेव्हा तिच्या पोटऱ्यांना गोळे आलेले असतात.

या मर्लिंडाच्या हातून लोंगनिसा रोज फुटायची. रोज दोन, न चुकता.

निकोलासाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "हाताला काय वळण लावलंय तुझ्या आईने? मी पाणी घाल म्हटलं होतं ना?"

"घातलं होतं, नानांग." नानांग म्हणजे आई, सासूलाही तेच म्हणतात.

"मग फुटली कशी?"

"काय माहीत. फुटली."

फुटलेल्यांपैकी एक मर्लिंडा स्वतःच्या भातावर घेई आणि एक सासूच्या ताटात ठेवी. निकोलासा ती हातही न लावता रोडेलच्या ताटात टाकी. फुटलेली खायला ती काय कालची नवरी होती? मर्लिंडा तिच्याकडे बघे आणि आपली खाऊन टाके. तिला शरम कशी वाटत नाही, याचंच निकोलासाला नवल वाटे.

इकडे अम्ब्रोसियोच्या ताटात तीनच्या दोन झाल्या होत्या, आणि त्याला दुसरा उद्योग नव्हता. रोज सकाळी तो त्या दोनांकडे बघून उसासा टाकी. "बाकेत, माझ्या आईच्या घरात काय दिवस आले बघ." म्हातारी नवराबायको आमच्याकडे एकमेकांना बाकेत आणि लकाय म्हणतात, म्हातारी आणि म्हातारबा.

जानेवारीत गावची जत्रा आली आणि हवाईहून अम्ब्रोसियोच्या थोरल्या भावाचा, फाऊस्तोचा, फोन आला की बावीस वर्षांनी येतोय, रविवारी न्याहारीलाच घरी येईन. अम्ब्रोसियोने कोंबडा खाली ठेवला. हे गंभीर होतं.

"मनोंग फाऊस्तोला आईच्या हातची लोंगनिसा आठवते अजून," तो म्हणाला. मनोंग म्हणजे थोरला भाऊ. "रविवारी सून रांधेल, रीतच आहे. पण ऐक पोरी, एक जरी फुटलेली टेबलावर आली, तर गाठोडं उचलायचं आणि आईकडे जायचं. नीट शिकलीस की ये. नाही शिकलीस तर नको येऊस."

निकोलासाने मुलाकडे पाहिलं. आपल्या बायकोला घराबाहेर काढायची भाषा चालली आहे आणि हा बशीतला शिरका बोटाने चाटतोय. निकोलासाला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. तिने घातला नाही.

शनिवारी सकाळी ती परसात माळा उलटवायला गेली आणि चाकू राहिला म्हणून परत आली. चुलीपाशी मर्लिंडा होती. कढईत सहा लोंगनिसा सुरेख, लालसर, टम्म फुगलेल्या. एकही फुटलेली नाही. निकोलासाचा ऊर भरून आला, शिकली एकदाची! आणि मग तिच्या डोळ्यांदेखत मर्लिंडाने काटा उचलला, शांतपणे दोन निवडल्या आणि त्यांची पोटं उभी चिरली.

"मुद्दाम?" निकोलासाचा आवाज चिरकला. "मुद्दाम फोडतेस तू?"

मर्लिंडा दचकली, पण काटा तिने लपवला नाही. "हो."

"वर्षभर?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. पहिल्या आठवड्यात खरंच फुटत होत्या."

"मला शिव्या खायला लावल्यास वस्तीभर! लोक म्हणतात, सासूला सून शिकवता येत नाही. का गं? का?"

"भूक लागते म्हणून," मर्लिंडा म्हणाली. "नऊ तास माग चालवते मी, नानांग. भातावर नाही होत. अख्खी मिळत नाही आणि फुटलेली मिळते, मग फोडते. एक माझी, एक तुमची. तुम्ही तुमची रोडेलला देता, त्याला मी काय करू?"

निकोलासाला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. निर्लज्ज, चोरटी, आगाऊ पोरगी! चाळीस वर्षं मी भात खाल्ला, आणि ही कालची पोर एका आठवड्यात... आणि तिथे तिचा राग अडखळला. एका आठवड्यात. जे या पोरीला एका आठवड्यात कळलं ते आपल्याला चाळीस वर्षांत कळलं नाही. एक काटा घ्यायचा आणि टोचायचा, इतकंच होतं. तेवढं सुचलं नाही म्हणून आपण सुगरण.

"उद्या फोडू नकोस," ती शेवटी म्हणाली. "घालवतील तुला."

"उद्याही दोन फोडणार."

"अगं मूर्ख आहेस का? एका दिवसाचा प्रश्न आहे!"

"पाहुणा येणार म्हणून भात खायचा, मग परवा कुणी बोललं म्हणून भात खायचा. तुमचं असंच झालं ना? घालवू देत. आमच्या घरी बायकाही जेवतात."

निकोलासा दिवसभर तिच्याशी बोलली नाही. कुणावर चिडावं तेच तिला उमगेना: या पोरीवर, मेलेल्या सासूवर, ओसरीवरच्या म्हाताऱ्यावर, की स्वतःवर. सगळ्यांवर थोडं थोडं चिडून झालं तरी राग शिल्लकच होता. एक मात्र तिने ठरवलं. ही पोरगी गेली तर घरात धड बोलणारं माणूस उरणार नाही. उद्या कढई आपण घ्यायची, एकही फुटू द्यायची नाही, आणि हिला वाचवायचं.

रविवारी फाऊस्तो आला, गोरागोमटा, फुलाफुलांचा शर्ट, बरोबर भेटवस्तूंचं खोकं. त्याला ओसरीवर बसवलं. निकोलासाने चुलीपाशी जाऊन मर्लिंडाच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. "सरक. मी करते." मर्लिंडा काही बोलायला गेली, तर निकोलासा म्हणाली, "गप्प बस, भात परतायला घे."

पाहुणा म्हणून आज बारा होत्या. पाणी, बारीक जाळ, लसणाचा वास. पाणी आटलं, चरबी सुटली, बारा बोटं चकाकायला लागली. चाळीस वर्षांत इतक्या सुंदर झाल्या नव्हत्या. ओसरीवरचं बोलणं भिंतीतून स्पष्ट ऐकू येत होतं.

"वास तोच आहे रे, आईचाच," फाऊस्तो म्हणत होता. "पण निकोलासाला बोलव ना, ती नाही बसत आपल्याबरोबर?"

"बाकेत?" अम्ब्रोसियो हसला. "तिला लोंगनिसा आवडतच नाही. पहिल्यापासून. कधी हात लावत नाही बघ, भातावर खूश असते."

निकोलासाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उपाशी ठेवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. पण आवडत नाही? इतकी वर्षं समोर बसून, तिच्या हातचं खाऊन, या माणसाने स्वतःची अशी समजूत करून घेतली होती आणि सुखाने झोपला होता. तिने काटा उचलला. मर्लिंडाचा हात भातात थांबला. निकोलासाने पहिली चिरली, दुसरी चिरली, मग एकेक करत बाराच्या बारा चिरल्या. चरबी तिच्या मनगटावर उडाली, भाजलं, तिने पुसलं नाही.

कढई तशीच उचलून तिने टेबलाच्या मधोमध आदळली. तिघे पुरुष येऊन बसले होते. अम्ब्रोसियोने आत पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मी म्हटलं होतं ना!" तो मर्लिंडाकडे बोट करून ओरडला. "म्हटलं होतं! ऊठ, गाठोडं..."

"मी रांधलंय," निकोलासा म्हणाली.

"काय?"

"आजचं मी रांधलंय. बारा होत्या, बारा फुटल्या. आता सांगा, कुणी कुणाच्या आईकडे जायचं? माझी आई मेलीय लकाय, तुमचीही. बोला!"

तिने एक ताटली स्वतःपुढे ओढली, एक मर्लिंडापुढे सरकवली. "बस." मर्लिंडा बसली. निकोलासाने सहा तिला वाढल्या आणि सहा स्वतःला. मग परतलेल्या भाताचं भांडं उचलून तिघा पुरुषांच्या मध्ये ठेवलं.

फाऊस्तो कसनुसा हसला. "मला फुटलेली चालेल हो निकोलासा, मी तिकडे काहीही खातो."

"पाहुण्याला आमच्याकडे फुटलेली वाढत नाहीत, मनोंग. तुमच्या आईचा नियम आहे. त्यांनाच विचारा."

रोडेलने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि निमूटपणे भात घेतला. निदान एवढी अक्कल त्याला होती.

निकोलासाने पहिली शिरक्यात बुडवली आणि तोंडात टाकली. लसूण, मिरी, कुरकुरीत साल, आत ओला खिमा. तिने दुसरी घेतली, मग तिसरी. पोट भरलं की राग उतरतो म्हणतात. तिचा उतरत नव्हता, चढत होता, कारण लोंगनिसा फार चांगली होती. इतकी चांगली आपण करतो आणि हे आपल्याला या वयात कळतंय, म्हणून तिचे डोळे भरून आले आणि ती आणखी जोराने चावू लागली. मर्लिंडाही जेवत होती.

पाचवीला हात घातला तेव्हा अम्ब्रोसियो हळूच म्हणाला, "बाकेत, एक तरी दे गं."

निकोलासा थांबली. चाळीस वर्षांत या माणसाने तिच्याकडे खायला काही मागितलं नव्हतं. त्याच्यावर मागायची वेळच आली नव्हती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, हावरा, अवघडलेला, जरासा घाबरलेला. तिला वाटलं होतं, असा चेहरा बघून बरं वाटेल. तिला मुळीच बरं वाटलं नाही.

"भात घ्या," ती म्हणाली, आणि पाचवी खाल्ली.