नरसाळ्यात राहिलेलं पाणी

मी जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत विषाचे नमुने तपासतो. एरवी नमुन्यावर फक्त नंबर असतो, माणूस दिसत नाही. त्या दिवशीचा माणूस मात्र माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

समुद्रपूरकडे त्याची भाजीची वाडी आहे. वांगी, भेंडी. त्यांच्याकडे फवारणीनंतर बाटल्यांच्या तळाला उरलेलं औषध कोणी फेकत नाही. सगळं एका डबकीत, म्हणजे जुन्या पत्र्याच्या डब्यात, ओतून ठेवतात, पुढच्या वेळी वापरतात. त्याला ते खिचडी म्हणतात. या वेळची खिचडी नासली होती. तळाशी दह्यासारख्या गाठी आणि वर निवळ. गाठी पंपात अडकतील म्हणून त्याने डबकीत रबरी नळी सोडली आणि वरचं निवळ काढायला तोंडाने ओढलं. घोटभर पोटात गेलं.

वॉर्डात पोचलो तेव्हा त्याची लाळ गळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी कीटकनाशक धरून उतारा सुरू केला होता. थोड्या वेळाने त्याला मेहुण्याशी थट्टा करण्याइतकं बोलता आलं.

"आलो बाप्पा साळेबुवाच्या कारखान्यात."

"डबकीत काय काय होतं?"

"किड्याचंच औषध."

"अन् तणाचं?"

"वाडीच्या धुऱ्यावर मारलं थे उरलं होतं जरासं. ओतलं असन. काऊन?"

"कोणतं होतं?"

"चिठ्ठी नोती बाटलीवर."

बहीण म्हणाली, "दादा, त्याइले बोलाले नको लावू आता."

पोट धुतलेलं पाणी मी सेपरेटिंग फनेलमध्ये घेतलं. खाली तोटी आणि वर बूच असलेलं हे काचेचं नरसाळं. त्यात क्लोरोफॉर्म घालून हलवलं आणि स्टँडला लावलं. दोन थर झाले, खाली क्लोरोफॉर्म, वर पाणी. बहुतेक कीटकनाशकं क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. तो थर काढून आटवला, बारीक नळीने सिलिकाच्या पट्टीवर ठिपका दिला. शेजारी ओळखीच्या औषधाचा ठिपका दिला आणि पट्टी द्रावकात उभी केली. द्रावक वर चढतो, तसे ठिपकेही चढतात, प्रत्येक आपापल्या वेगाने. त्यामुळे एकातून दुसरं वेगळं होतं. द्रावक दहा सेंटिमीटर चढला. पट्टीवर रंग फवारल्यावर आमचा ठिपका सहा पूर्णांक दोनवर दिसला, शेजारचाही तिथेच. डॉक्टरांचा अंदाज बरोबर होता. त्या विषावर उतारा आहे.

नरसाळ्यात पाण्याचा थर तसाच होता. त्याला हिरवट झाक होती. पॅराक्वाट नावाचं तणनाशक क्लोरोफॉर्ममध्ये जात नाही. कितीही हलवा, पाण्यातच राहतं. डबकीच्या वरच्या निवळातही तेच राहिलं असणार, आणि त्याने नेमकं तेच ओढलं होतं. मी ते पाणी परीक्षानळीत घेतलं, सोडा घातला, वर ठेवणीतली पांढरी पूड चिमूटभर टाकली. निळं झालं, म्हणजे पॅराक्वाट. साध्या पाण्यावर तेच करून पाहिलं, ते तसंच राहिलं. मग लघवीचा नमुना घेतला. तोही निळा, आणि जास्त गडद. जितका रंग गडद तितकी आशा कमी. पॅराक्वाटवर उतारा नाही.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून परीक्षानळी उजेडात धरली. "घरच्यांना मी सांगू की तुम्ही?" म्हणाले. मी सांगतो म्हटलं.

तोवर उताऱ्याने लाळ थांबली होती. दुसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला होता. तोंड आलं होतं, तरी बोलत होता. "सोडून द्या म्हणा. वांगे जून होऊन राह्यले तिकडं."

बहिणीला व्हरांड्यात बाकावर बसवून सांगितलं. आधी किडनी जाईल, मग फुप्फुसं.

"पण थे जेवले नं सकाळी. पेज घेतली."

"हो."

"तुह्या मशीनचं चुकलं असन."

"मशीन नाही बाई. हाताने केलं. दोनदा केलं."

"मंग तिसऱ्यांदा कर."

केलं. रंग तोच आला. मी प्रयोगशाळेतून खाली आलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने त्याचा डबा पुसत बसली.

मग लघवी कमी झाली, त्यानंतर धाप लागायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ऑक्सिजन होता. बहीण म्हणाली, "त्या बुढ्याले लावला. याइले काऊन नाई लावत?" या विषात ऑक्सिजनने फुप्फुस आणखी जळतं, दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही की मगच लावतात, हे तिला डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. ती मान हलवायची आणि सिस्टर दिसली की पुन्हा तेच विचारायची. तिची बाकी कसली मागणी नव्हती.

एका दुपारी डॉक्टर त्याच्याजवळ बराच वेळ थांबले. मग सिस्टरने मास्क आणला. त्याचे डोळे मिटलेले होते.

बहीण बाहेर आली. तिचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला होता.

"लावला दादा. आयकलं एकदाचं त्याइनं."

तिने सासूला फोन लावला आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन मोठ्याने सांगू लागली, आता धाप बसन म्हणून. मी उठलो नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत बाकावरच बसून राहिलो.