खडूची खूण बघणारा प्रोग्राम

आबांनी लेथ विकायला काढलाय, हे आईनं मला फोनवर सांगितलं. मी तेव्हा सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते. पोरांना म्हटलं, आज एवढंच, आणि सरळ साताऱ्याची एसटी धरली. कराड येईपर्यंत मनातल्या मनात आबांशी तीनदा भांडून झालं होतं.

लेथ काही कारखान्यातला नव्हता. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून, लेथवर धातू कातण्यात, उभी हयात काढली. त्या काळात भंगारातून एकेक भाग आणून घरामागच्या शेडमध्ये त्यांनी दोन हात लांबीचा छोटा लेथ उभा केला, निव्वळ हौस म्हणून. त्यावर पितळी भोवरे निघायचे, आईची बोटाएवढी समईही त्यावरचीच. रिटायर झाले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वाढणार नाही, पण जाणारही नाही.

भोवरा कसाबसा निघायचा. बोल्टाला असतात तसे आटे पाडणं मात्र सुटलं, आणि आटे पाडता येत नाहीत तो टर्नर कसला, असं आबांचं ठाम मत. आटे एका दमात पडत नाहीत. फिरत्या सळईवरनं कापणारं टूल सात-आठ वेळा न्यावं लागतं, दर वेळी तंतोतंत त्याच चरीतनं. त्यासाठी आबा सळई धरणाऱ्या चकवर खडूची रेघ मारायचे. रेघ फिरत समोर आली की खट्कन दांडा दाबायचा, म्हणजे टूल बरोबर जुन्या चरीत उतरतं. आता रेघ दिसायची, पण हात पोचेपर्यंत ती पुढं गेलेली असायची.

"सांगलीचा वर्कशॉपवाला न्हेतोय," आबा म्हणाले. "चांगला माणूस हाय. मशीन कामात ऱ्हाईल."

"आणि तुम्ही?"

"मी काय, पेपर वाचीन."

माझं डोकंच फिरलं. पेपर वाचणार म्हणे! या माणसाला शेंगा बांधण्यापलीकडं पेपर वापरताना मी जन्मात बघितलं नव्हतं. "मला दोन महिने द्या," मी म्हटलं. "हा लेथ मी कॉम्प्युटरवर चालवून दाखवते. दांडा दाबायलाच नको."

आबांनी मला खालून वर न्याहाळलं. "आटं पाडून दाव. त्यावर नट बसला तर मशीन न्यायला टेंपो येणार न्हाई. न्हाई बसला तर गप बसायचं."

ठरलं! त्या दोन महिन्यांइतकी मजा मला परत कधी आली नाही. शनिवार-रविवार मी साताऱ्यात. लोणंदहून आबांचे एक जुने मित्र, माझे काकाच म्हणा, यायचे, लष्कराच्या वर्कशॉपमधून सुभेदार होऊन परतलेले. वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. जुन्या मोठ्या प्रिंटरमधल्या मोटारी काढून आम्ही लेथच्या स्क्रूंना जोडल्या. क्लासनं टाकून दिलेला कॉम्प्युटर मी एसटीत मांडीवर घेऊन आणला. प्रिंटरच्या वायरीतनं हुकूम गेला आणि टूल पहिल्यांदा आपलं आपण अर्धा इंच सरकलं, तेव्हा मी शेडमध्ये अक्षरशः नाचले. काका म्हणाले, "आवं, पोरगी येडी झाली तुमची."

राहता राहिला प्रोग्राम. माझ्याकडं दोन फ्लॉप्या होत्या. एक क्लासच्या सरांनी दिलेली. काय देखणा होता तो! पडद्यावर पिवळी सळई गरागरा फिरायची, लाल टूल सरकायचं, आटे एकेक करून उमटायचे. दुसरी फ्लॉपी काकांची, कुठल्याशा मासिकासोबत आलेली. काळा पडदा, त्यावर पांढरे आकडे, बस्स. असलं काही आबांना दाखवायची मला लाजच वाटली.

रंगीत प्रोग्राम बघायला आईसुद्धा पोळ्या टाकून आली. आबांनी शेवटपर्यंत बघितलं आणि एकच विचारलं, "हे खडूची खूण बघतं का गं?"

मला हसूच फुटलं. "आबा, हा कॉम्प्युटर आहे. त्याला खडू कशाला?"

"मग ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले आणि उठून गेले. म्हातारं माणूस, जुन्या सवयी, असं मी धरून चालले. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

दोन महिने संपत आले. टेंपो रविवारी दुपारी यायचा होता. शनिवारी सकाळी पितळी सळई लावली आणि रंगीत प्रोग्राम चालू केला. पहिली चर झकास पडली. दुसऱ्यांदा टूल आलं ते भलतीकडंच उतरलं. तिसऱ्यांदा तिसरीकडं. पडद्यावर सुंदर आटे उमटत होते आणि सळईचा पार चिवडा झाला होता. मी परत केलं, परत तेच. ब्रश घेऊन आबांनी कीस झाडला आणि लेथवर फडकं टाकायला लागले.

ते फडकं बघून मला रडूच कोसळलं.

काकांनी डोक्यावर टपली मारली. "रडती कशाला? माझी फ्लॉपी लाव की. तिला रंग न्हाईत, म्हणून तू तिला विचारीनास."

नाक पुसत मी लावली. तिच्यातली माहितीची पानं कधी उघडलीच नव्हती, ती वाचायला घेतली. तिसऱ्या पानावर माझे डोळे थांबले. आटे पाडताना प्रत्येक फेरीआधी हा प्रोग्राम थांबतो, असं लिहिलं होतं. चक फिरत ठरावीक जागी आला, वायरीतनं इशारा मिळाला, की मगच टूल हलवतो.

"आबा!" मी किंचाळले. "हा खूण बघतो! आबा, हा तुमचा खडू बघतो!"

आबांनी फडकं ओढून बाजूला टाकलं.

मग काय विचारता! काकांच्या पिशवीत चुंबक जवळ आलं की चालू होणारा काचेचा बारका स्विच निघाला. चुंबक मी माझ्या शाळेच्या कंपासपेटीच्या झाकणातनं उचकटलं. ते चकबरोबर फिरणाऱ्या मागच्या पुलीवर कुठंही चिकटवलं असतं तरी चाललं असतं. पण आबा ऐकेनात. त्यांनी थरथरत्या हातानं पुलीवर खडूची वाकडी रेघ मारली आणि म्हणाले, "हितंच." चुंबक तिथंच बसलं, आणि त्याच्यासमोर स्विच लावून काकांनी वायर कॉम्प्युटरला जोडली.

रविवारी सकाळपर्यंत गोंद वाळला. नवी सळई लावली. चक फिरला, काळ्या पडद्यावर आकडे थांबले, इशारा आला आणि टूल निघालं. दुसऱ्यांदा त्याच चरीत. तिसऱ्यांदा त्याच चरीत! मी मोठ्यानं मोजत होते आणि काका माझ्यापेक्षा मोठ्यानं. आठव्या फेरीला आबांनी हात वर केला. मी बंद केलं.

त्यांनी सळई काढून डाव्या हातात उभी धरली. उजव्या हातानं नट वर ठेवला. तो दोनदा पडला. उचलून द्यायला मी वाकले तर आबा डाफरले, "ऱ्हाऊ दे." तिसऱ्यांदा आटा धरला. आबांनी उजवा हात काढून घेतला.

डावा हात नेहमीसारखा थरथरत होता. त्या थरथरीनंच नट फिरायला लागला. कुणी बोट लावलं नव्हतं. एकेक वेढा घेत तो खाली उतरत गेला आणि शेवटच्या आट्यावर टेकला.

"आयला," काका म्हणाले.

आबांनी आपल्या हाताकडं बघितलं. मग चपला घालून नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. मी मागोमाग. नंबर दोनदा चुकला, पण फोनला मला हात लावू दिला नाही. तिसऱ्यांदा सांगली लागली.

"टेंपो पाठवू नका," आबा म्हणाले. "मशीन मला लागतंय."